मदत हवी आहे: भाची १६ वर्षांची, १७ वा आठवडा चालू

नेहमीच्या आयडीने लिहायचं धाडस नाही, म्हणून नवा काढलाय. आम्ही गोव्यातले, डिचोलीकडचे. बहिणीची मुलगी अकरावीत, १६ पूर्ण. चवथीचं शिवराक (शाकाहार) संपल्यावर मी तिच्यासाठी सुंगटांची (कोळंबीची) किसमूर केली, तर एरवी वाटी पुसून खाणारी पोर वासानेच न्हाणीकडे धावली. मला पित्त वाटलं. परवा बहिणीकडे तिच्या कपाटात पॅडची तीन पाकिटं दिसली, एकही न फोडलेलं.

खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. १७ आठवडे. वय ऐकल्यावर 'आम्ही यात पडत नाही' म्हणून वाटेला लावलं.

भावोजी म्हणतात, मुलगा १९ चा, ओळखीतला, देवळात हार घालून मोकळे होऊ. बहीण म्हणते, फार्मसीतून गोळ्या आणू. पोलीस म्हटलं की दोघांचेही हातपाय गळतात. डॉक्टर पोलिसांना कळवतातच का? नाव बाहेर येईल का? किती दिवस हातात आहेत? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

प्रतिसाद १
ताई, मी नर्स आहे. आधी त्या गोळ्या विसरा. त्या सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी, त्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. १७ व्या आठवड्यात घरी घेतल्या तर रक्तस्राव आवरेनासा होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं.

गर्भपातासाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोघांचं लागतं, आणि अल्पवयीन मुली त्यात बसतात. पुढे गेलं की बहुधा कोर्टाची पायरी. म्हणजे हातात तीन आठवडे धरा आणि त्यातला एकही वाया घालवू नका. १८ खालच्या मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते. म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल किंवा थेट बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). तिचं रक्त, बीपी तपासून घ्या. या वयात अ‍ॅनिमिया फार दिसतो. ठेवायचं ठरलं तरी तपासण्या याच.

आणि तिला कुणी विचारलंय का? तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये तिचं एक वाक्य नाही.

प्रतिसाद २
पोलिसांचं सांगतो. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, त्यानुसार १८ खाली संमतीला अर्थ नाही आणि माहिती असलेल्याने कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरांनीही. पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की गर्भपातासाठी आलेल्या मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव, पत्ता द्यायची गरज नाही. ही विनंती दारातच करा.

हार घालून काही सुटत नाही. मुलीचं १८ आणि मुलाचं २१ पूर्ण नसेल तर तो बालविवाहच, आणि लावून देणारे आईबापही अडकतात. २०१७ पासून १८ खालच्या पत्नीशी संबंध हासुद्धा बलात्कारच धरला जातो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन केलात तर कुणीतरी सोबत येईल.

धागाकर्ती
दोघांचे आभार. ते वाक्य नसल्याचं वाचून मीच खजील झाले. काल रात्री तिच्याजवळ झोपले, दिवा मालवून विचारलं. म्हणाली, मला हे नको, मला शाळेत जायचंय. मग किती तरी वेळाने, "मावशी, हे असं होतं हे मला माहीतच नव्हतं." तिला पहिली पाळी आली तेव्हा आम्ही काय सांगितलं? देव्हाऱ्याला शिवू नकोस, लोणच्याला हात लावू नकोस. बस्स. बहीण हे ऐकत दाराशीच उभी होती, हे मला नंतर कळलं.

उद्या सकाळी सातला बांबोळीला निघतोय. बहिणीने सोनोग्राफीचा कागद पिशवीत घातलाय. "पप्पा येणार?" एवढंच पोरीने विचारलं. भावोजी तीन दिवस तिच्याशी बोललेले नाहीत. गाडीची चावी मात्र त्यांनी टेबलावर काढून ठेवलीय.