घरावर भूसंपादनाची नोटीस, सही करू का? (तातडीची मदत हवी)

वैतागलेला_बाळू: लॉजिस्टिक पार्कसाठी आमचं राहतं घर जातंय. मोजणीवाले आले आणि चुन्याची रेघ नेमकी स्वयंपाकघरातून मारून गेले. म्हणजे ओटा त्यांचा, देवघर आमचं! आता म्हणतात सोमवारपर्यंत संमतिपत्रावर सही करा. करू की नको? कायद्यावर निबंध नको, हो की नाही तेवढं सांगा.

सातबारावाला: नोटीस कुठल्या कायद्याखाली? कलम कोणतं? घर गावठाणात की शेतात? नाव कुणाचं?

वैतागलेला_बाळू: भूसंपादनाचीच नोटीस आहे हो. घर आमचंच, आजोबांपासून.

रानमांजर: अजिबात सही करू नका! २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खाजगी कंपनीसाठी ८० टक्के लोकांची संमती लागते. आमच्याकडे अख्खं गाव आडवं पडलं, मोजणीवाल्यांना पाय ठेवू दिला नाही.

सातबारावाला: खाजगी कंपनीला ८०, पीपीपीला (सरकार-खाजगी भागीदारीला) ७०. सरकार स्वतःसाठी घेत असेल तर ती अटच नाही. आणि तो कायदा इथे लागू आहे का, हेच अजून कळलेलं नाही. बाळू, नोटिशीवरचं कलम वाचा की.

विश्वाची_चिंता: अमेरिकेत न्यू लंडन शहरात हेच झालं. २००५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी घरं घ्यायला परवानगी दिली. शेजारच्या फायझर या औषध कंपनीने नंतर गाशा गुंडाळला, आणि घरांची जागा वर्षानुवर्षं ओसाड.

रानमांजर: अमेरिकेचं काय घेऊन बसलात? आपल्याच सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलंय, प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची होत नाही. ठोका केस!

काळा_कोट: तो निकाल राज्यघटनेच्या कलम ३९(ख) वर, म्हणजे समाजाच्या साधनसंपत्तीच्या वाटपावर आहे. भूसंपादन बंद झालं असं त्यात कुठेही नाही.

निवांत_काका: मोबदला आला की प्लॉट घ्या. फ्लॅटच्या नादी लागू नका.

वैतागलेला_बाळू: काका, मोबदला कुठे मागितलाय मी? हे घ्या, नोटिशीवर "३२(२), १९६१" असं आहे. घर अजून आजोबांच्याच नावावर, वारसनोंद राहिलीय.

काळा_कोट: हे पहिल्याच ओळीत हवं होतं. हा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, म्हणजे एमआयडीसीचा कायदा. ३२(२) म्हणजे "जागा का घेऊ नये ते सांगा" अशी नोटीस, उत्तराची मुदत तिच्यातच असते. तेवढ्यात लेखी हरकत द्या, सुनावणी मागा. ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात आली की जागा सरकारची, मग बोलायला फारसं काही उरत नाही. संमतिपत्र ही वेगळी भानगड. त्यात दर मान्य केलात तर मोबदला त्याच दराने. दराचा रकाना कोरा असेल तर पेन उघडूच नका.

सातबारावाला: आणि अर्ध्या घराचं? २०१३ च्या कायद्यात कलम ९४ आहे, मालकाने म्हटलं तर घर पूर्णच घ्यावं लागतं.

काळा_कोट: २०१८ च्या राज्य दुरुस्तीनंतर ते इथे थेट लागू नाही. तरी हरकतीत मागणी टाकाच, चुन्याच्या रेघेचा फोटो जोडा. वारसनोंदीचा अर्जही आत्ताच, नाहीतर मोबदला वारसांच्या भांडणात अडकेल.

वैतागलेला_बाळू: रकाना कोराच आहे. हरकतीची मुदत शनिवारी संपते, आत्ताच पाहिलं. सगळ्यांच्या सह्या लागतील ना? आत्या फोन उचलत नाही.

काळा_कोट: आत्या नंतर. हरकत तुमच्या एकट्याच्या सहीनेही देता येते. उद्याच द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासकट पोच घ्या.