पस्तिशीत नोकरी सोडून वकिली: ट्रेनिंग लॉ फर्ममध्ये घ्यावं की कोर्टात?

चाकणकर:
मंडळी, धागा काढायचं कारण, आमच्या वर्गात (तीन वर्षांचं एलएलबी, शेवटचं वर्ष) सध्या हा एकच विषय चाललाय. वर्गात बँकवाले आहेत, पोलीस आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत. मी मेकॅनिकलचा, चाकणला परचेसमध्ये बरीच वर्षं काढली आणि व्हेंडरची ॲग्रीमेंटं वाचता वाचता इकडे ओढला गेलो. सगळे एकच सांगतात, सनद (वकिलीचा परवाना) घ्या, एखाद्या सिनियरकडे बसा आणि पाच वर्षं पैशाचं नाव काढू नका. मला हे अजिबात पटत नाही. बावीस वर्षांच्या पोराला ते जमेल, त्याचं जेवण घरचं असतं, पण घराचा हप्ता आणि पोरांच्या शाळेची फी भरणाऱ्या माणसाने काय करायचं? आमच्यासारख्यांनी सरळ लॉ फर्ममध्ये जावं. तिथे महिन्याला ठरलेली रक्कम मिळते, तुमचा ड्राफ्ट कुणीतरी लाल करून परत देतं, आणि आधीच्या नोकरीत शिकलेलं कामी येतं. माल उशिरा आला म्हणून ज्याने लाइन बंद पडताना पाहिलीय, त्याला करार कायद्याचं कलम ७४, म्हणजे ठरवून ठेवलेली नुकसानभरपाई, लवकर कळतं.

शिवाजीनगर_कोर्ट:
सहमत नाही दादा. मी बँक सोडून आलेय, त्यामुळे हप्त्याची चिंता काय असते ते मला सांगू नका. पण फर्म तुम्हाला घेणारच हे तुम्ही धरूनच चाललाय. मोठ्या फर्म पाच वर्षांच्या कोर्सवाली पोरं कॅम्पसमधूनच उचलतात, आणि पस्तिशीच्या माणसाला पहिल्या वर्षाचा असोसिएट म्हणून तिशीच्या सिनियरच्या हाताखाली बसवताना त्यांनाही अवघड जातं.
आणि शिकण्याचं म्हणाल तर बोर्डावर पुकारा होतो, तुमचे सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकलेले, जज्जसाहेब विचारतात कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) अजून का नाही, मुदतीचे ३० दिवस तर गेलेच, जास्तीत जास्तचे ९० पण संपत आले, आणि समोरचा वकील ‘नो डब्ल्यूएस’ची, म्हणजे कैफियतीशिवायच दावा पुढे चालवायची, ऑर्डर मागायला उभा आहे. त्या अर्ध्या मिनिटात तुम्हालाच बोलायचंय आणि मागे पक्षकार बघतोय. हे केबिनमध्ये बसून कोण शिकवणार? उलटतपास तर सोडाच, साक्षीदाराला कुठला प्रश्न विचारायचा *नाही* हे सिनियरच्या मागे बसून बसूनच कळतं.

चाकणकर:
ताई, मुद्दा मान्य, पण पोटाचं काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० स्टायपेंड द्यावा. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तुमच्या बार रूममध्ये किती ज्युनियरना एवढे मिळतात ते सांगा.

फोर्टमधली_असोसिएट:
चाकणकर दादा, मी फर्ममध्येच आहे, तरी एक गैरसमज काढते. ठरलेली रक्कम म्हणजे पगार समजू नका. सनद असलेल्या वकिलाला फुल टाइम पगारी नोकरी करता येत नाही, त्यामुळे बहुतेक फर्म रिटेनर, म्हणजे वकिलाची ठरावीक मासिक फी, देतात. त्यावर टीडीएस कापला जातो आणि पीएफ, ग्रॅच्युइटी काही नसतं. गृहकर्ज चालू असेल तर हे आधी घरात बसून बोला. आणि संध्याकाळी सहाला काम संपेल ही आशा सोडा, क्लायंटच्या सौद्याचं क्लोजिंग असेल तेव्हा रात्र तुमची नसते.
पण ताई, केबिनमध्ये बसून शिकता येत नाही हे तुमचं मला खटकलं. मला पहिलं काम मिळालं टायटल सर्चचं, म्हणजे जमिनीची मालकी तपासायचं. सातबारा कोरा दिसत होता. मागचे फेरफार एकेक करत वाचत गेलं तर एकात वारस म्हणून दोन बहिणींची नावं लागलेली, काही वर्षांनी दुसऱ्या फेरफाराने ती कमी झालेली, आणि रजिस्टर्ड हक्कसोडपत्र कुठेच नाही, नुसत्या जबाबावर नावं उडवलेली. बिल्डर पैसे घेऊन तयार, आणि उद्या त्या बहिणींची मुलं वाटपाचा दावा घेऊन येणार. तो दावा तुमच्याच कोर्टात वीस वर्षं चालला असता. तो होऊच न देणं ही वकिली नाही का?

शिवाजीनगर_कोर्ट:
आहे, नाही कुठे म्हणतेय. पण त्यातला धोका तुम्हाला दिसला कारण तसे दावे कुणीतरी कोर्टात लढवलेत. आधी भांडण बघा, मग करार लिहा, एवढंच माझं म्हणणं. शिवाय जज्जच्या परीक्षेचा विचार करणाऱ्यांना २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीन वर्षं प्रॅक्टिस पुन्हा सक्तीची झालीय, नुसती डिग्री चालत नाही.

पंचगंगा:
पुण्या-मुंबईच्या बाहेर पण बघा की राव. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळ्यांना आता मुंबईच्या खेपा नाहीत. इथे चांगलं ड्राफ्टिंग करणारी माणसं लागणार आहेत, खर्चही मुंबईच्या मानाने कमी. आणि १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे नवे आलेत, खुनाच्या कलमाला तीस वर्षं ३०२ म्हणणारे आता १०३ म्हणायला शिकतायत, म्हणजे उशिरा येणारा फार मागे नाही.

लॅबवाली:
इंजिनिअर असून कुणी पेटंटचं नाव काढत नाही! पेटंट एजंट परीक्षेला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची डिग्री लागते, एलएलबी लागतच नाही. पास झालात की पेटंट ऑफिसपुढे अर्जदाराची बाजू मांडता येते, कोर्टात उभं राहायला मात्र सनद हवीच. माझ्या मते तुमच्यासारख्याने ही परीक्षा आधी द्यावी, मशीनचं ड्रॉइंग वाचून क्लेम (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क आहे ते) लिहिणारा माणूस फर्मला हवाच असतो आणि तिथे वय आडवं येत नाही.

चाकणकर:
लॅबवाली ताई, हे खरंच कुणी सांगितलं नव्हतं, बघतो. शिवाजीनगर ताई, स्टायपेंडचं उत्तर राहिलं.

शिवाजीनगर_कोर्ट:
राहिलं नाही, टाळत होते. फार थोड्यांना मिळतात. पण सक्ती केली तर तालुक्याचा वकील, ज्याची स्वतःचीच फी पक्षकार पीक विकल्यावर देतो, तो ज्युनियर ठेवणंच बंद करेल. मग शिकायचं कुणाकडे?

चाकणकर:
मग सिनियरच्या खिशातून नको, सरकारने द्यावा. आंध्रात २०१९ ला नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं महिना ५,००० देणारी योजना काढली होती. रक्कम लहान असेल, पण बस-लोकलचा पास आणि बेअर ॲक्ट (कायद्यांची मूळ पुस्तकं) तरी निघतात. महाराष्ट्रात हे मागायला बार असोसिएशनांनी पुढे यायला हवं, आणि ती मागणी नवीन पोरांनी करायची नाही, तुमच्यासारख्या सनद जुनी झालेल्यांनी करायची. तोपर्यंत मी फर्मलाच अर्ज टाकणार.