गौरीजेवणाला 40 पानं आणि पोळपाटावर एकटी सून: हे असंच चालू ठेवायचं का?

मंगळवारपेठकर
गौरी यायला तीन आठवडे राहिलेत. आमच्याकडं कोल्हापुरात पूजनाच्या दिवशी पुरणपोळीचं जेवण असतं. घरची माणसं, भावकी, दोन्ही नणंदा मुलाबाळांसकट, ह्यांच्या ऑफिसातले, तालमीतली पोरं. गेल्या वर्षी पानं मोजली तर 40 भरली. तीन किलो हरभऱ्याची डाळ शिजवली. आमच्या मापानं किलोभर डाळीच्या पुरणात 35 पोळ्या होतात, म्हणजे शंभराच्या वर पोळ्या. एक पोळी भरून, लाटून, भाजून तव्यावरून उतरायला तीन मिनिटं धरा. नुसत्या पोळ्यांनाच पाच तास गेले. येळवणीची म्हणजे डाळीच्या कटाची आमटी, भजी, कुरडया, बटाट्याची भाजी, खीर, भात हे निराळंच. सासूबाईंना आता उभं राहवत नाही, त्या बसून लाट्या भरून देतात. लाटणं आणि तवा माझ्याकडं.

मला स्वैपाकाची मनापासून आवड आहे, कामाचा कंटाळा म्हणून लिहीत नाही. पण गेल्या वर्षी शेवटची पंगत उठली तेव्हा साडेचार वाजले होते आणि तोवर मी गौरीला हळदीकुंकूसुद्धा वाहिलं नव्हतं. गौर म्हणजे माहेरी आलेली लेक. तिला विसावा मिळावा म्हणून एवढा सोहळा करायचा आणि त्याच घरातल्या बाईला तिच्यासमोर दोन मिनिटं टेकायला मिळू नये, हे मला फार लागलं.

माझं म्हणणं असं आहे. पाहुण्यांना पूजनाला न बोलावता आदल्या दिवशी, आवाहनाच्या संध्याकाळी बोलवावं. त्या दिवशी आमच्या गौरीला शेपूची भाजी, भाकरी आणि अळूवडीचा नैवेद्य असतो, तेच सगळ्यांना वाढावं. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी, गौर-शंकरोबाच्या नैवेद्याला आणि घरच्यांपुरती. पटत नसेल तर तसंही सांगा.

जुना वाडा
तुमचा त्रास खरा आहे, उपाय मात्र पटला नाही. माझं वय 71. लग्न होऊन उत्तरेश्वर पेठेत आले तेव्हा आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. पूजनाच्या दिवशी ज्या घरचं पुरण आधी तयार होई तिथं सगळ्या जमायच्या. एक कणीक तिंबणार, एक लाट्या भरणार, दोघी लाटणार, एक तव्यापाशी. तिथलं झालं की आपापलं लाटणं घेऊन पुढच्या घरी. शंभर पोळ्या तेव्हाही व्हायच्या, पण एकटीनं कुणी केल्या नाहीत. तुम्ही माणसं कमी करायला निघालाय. मी म्हणते, हात वाढवा. सणाला बोलावलेल्या माणसाच्या पानात पुरण नाही, हे मला बघवणार नाही.

आणि दुसरं, 40 जणांना भाकरी म्हणजे किमान 80 भाकऱ्या. त्या थापणं पोळीपेक्षा सोपं आहे असं कुणी सांगितलं? पोळ्या सकाळी करून ठेवता येतात. भाकरी तव्यावरची ऊन ऊनच वाढावी लागते, तासाभरानं ती वातड होते.

राजारामपुरी, 9वी गल्ली
आजी, हात वाढवा म्हणालात, मग त्यात आमचे हात का धरत नाही? आमचं रस्सा मंडळ आहे. सगळे पुरुष. शेतावर नाहीतर नदीकाठाला 50 माणसांचा तांबडा-पांढरा आम्हीच करतो. मटण आधी आळणी शिजवायचं, ते पाणी बाजूला काढायचं, पांढऱ्याला खसखस, तीळ, काजूचं वाटण घालायचं. नारळाचं दूध पडल्यावर मोठी उकळी आली तर रस्सा फुटतो, म्हणून एकजण डाव हलवत तिथून हलत नाही. एवढी नजर ठेवणाऱ्या माणसाला डाळ बोटचेपी शिजली का नाही हे कळणार नाही होय?

दोन वर्षांपूर्वी मी आईला सांगून डाळ शिजवण्यापासून पुरणयंत्र फिरवण्यापर्यंतचं काम अंगावर घेतलं. पहिल्या वर्षी कट निथळायला वेळ दिला नाही, पुरण पातळ झालं, पोळ्या फुटल्या. आई काही बोलली नाही. पुरण परत पातेल्यात घातलं, झाकण न ठेवता मंद आचेवर आटवायला लावलं. उलथणं मधोमध उभं राहिल्यावर मगच उतरव म्हणाली. गेल्या वर्षी एकही पोळी फुटली नाही. शेवटच्या पंगतीला आई आणि बायको दोघी बसल्या, वाढायला आम्ही भाऊ. आमच्या घरात हे पहिल्यांदा झालं.

गंगावेस
रस्सा मंडळाचं गौरीत आणू नका. नैवेद्याचं पुरण सोवळ्यानं, घरच्या सवाष्णीनंच करायचं असतं. आमच्या आजीच्याही आधीपासून हे चालत आलंय. सोयीसाठी एकेक गोष्ट सोडत गेलं तर उद्या गौरसुद्धा नुसती भिंतीवर चित्र लावून बसवाल.

राजारामपुरी, 9वी गल्ली
नैवेद्याचं ताट सोवळ्यानंच व्हावं, त्यात वाद नाही. पण त्या ताटाला पाच पोळ्या लागतात. राहिलेल्या शंभर पोळ्या तुम्हीआम्ही खातो. त्यांचं सोवळं कुठनं आलं?

कसबा बावड्याची
मी पोळ्या ऑर्डरनं करून देते, म्हणून माझं ऐका. गौरीच्या आदल्या रात्री आम्ही तिघीजणी रात्रभर तव्यापाशी असतो. सकाळी बायका येतात, पोळ्या आपल्या डब्यात भरून घेतात आणि वर सांगतात, घरी विचारलं तर कुणाला सांगू नका. दरवर्षी हे ऐकून मला वाईट वाटतं. डाळ मी नीट निवडते, वेलदोडा-जायफळ ताजं कुटते, तुमच्या घरच्यासारखंच राबते. मग ती पोळी लपवायची का? नैवेद्यापुरत्या घरी करा, पंगतीच्या माझ्यासारखीकडनं घ्या. माझ्या दोन पोरांच्या शाळेचा खर्च त्यातनंच निघतो.

पुरण पातळ होतं म्हणून सगळ्या तक्रार करतात, त्याचं एक कारण सांगते. आपल्या कोल्हापुरात नव्या गुळाचे सौदे दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतात. भाद्रपदात हाताशी असतो तो गेल्या हंगामाचा गूळ. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याला पाणी सुटतं. म्हणून ह्या दिवसांत मी किलो डाळीला पाऊण किलोच गूळ घेते, आणि ढेपेचा बाहेरचा ओलसर भाग पुरणाला वापरत नाही, तो गुळवणीला ठेवते. आणि पुरण रात्री करून ठेवायचं असेल तर परातीत पसरून पार गार होऊ द्या. गरम असताना झाकलं की सकाळपर्यंत आंबतं.

जुना वाडा
गुळाचं अगदी खरं. आम्ही त्यासाठी पुरण वाटायच्या आधीच आटवून घ्यायचो.

विकतच्या पोळीला मी नावं ठेवत नाही. बावड्याच्या बाई, तुमचं लिहिणं वाचून मला आमच्या वाड्यातल्या बायका आठवल्या. पण माझी नात पोळी लाटायला कुठं शिकणार? ती माझ्याशेजारी बसून लाट्या भरते तेवढा एकच दिवस आम्हा दोघींना मिळतो. एरवी तिचा क्लास आणि माझं औषध.

पिंपरीहून
मी ह्या गोष्टीतली नणंद आहे. ह्याच घरातली नव्हे, पण अशाच एका घरातली. दरवर्षी रजा टाकून कोल्हापूरला येते. दारात पाय ठेवला की आई म्हणते, दमून आलीस, बस तू. मी बसते. वहिनी आतून चहा आणून देते. मला गेली आठ वर्षं वाटत होतं की तिला स्वैपाकघरात कुणाची लुडबुड नको असते. हा धागा वाचून मी तिला आज फोन केला. ती आधी नाही नाही म्हणाली, मग म्हणाली, "ताई, मागच्या वर्षी माझ्या हाताला फोड आले होते." मला ते दिसलेसुद्धा नव्हते. मी तिच्या हातची पोळी तुपात बुडवून खात होते.

पण मंगळवारपेठकर, आवाहनाला बोलावण्याला माझा विरोध आहे. गौरी नक्षत्रावर येतात, वार दरवर्षी बदलतो. आम्हाला एका दिवसाची रजा मिळताना मारामार, त्यात तुम्ही पूजनाचा दिवसच काढून घेतलात तर माहेरची पोळी आमच्या वाट्याला कधी येणार? बोलवा, आणि आल्यावर हातात लाटणं द्या. माहेरवाशिणीला काम सांगायचं नाही, हा नियम बदलूया. गौर बसू दे. तिच्यासाठी मी उभी राहीन.

गंगावेस
लेकीला माहेरी आल्यावर कामाला लावायचं, हे मला तरी जमणार नाही. माझी लेक वर्षातनं दोनदा येते. तिच्या सासरी ती रोज उभीच असते.

मंगळवारपेठकर
सगळं वाचलं, काही दोनदा वाचलं. 80 भाकऱ्यांचा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आजी. भाकऱ्या बाहेरून सांगाव्या असं मनात होतं, पण तुम्ही म्हणता तसं संध्याकाळी त्या वातड होऊन पानात पडणार.

काल घरी विषय काढला. सासूबाई ऐकून गप्प बसल्या, रात्री जेवल्यासुद्धा कमीच. ह्यांना नदीकाठच्या रश्श्याचं वाचून दाखवलं. आधी नुसतेच बसले, मग म्हणाले, डाळ शिजवून कट काढून देतो, पुरणयंत्रही फिरवतो. यंत्राची मधली जाळी शोधायला लागले तर ती माळ्यावर गंजलेली सापडली. आज लक्ष्मीपुरीतून नवी आणलीय.

सकाळी सासूबाईंनी आपणहून विचारलं, बावड्याची ती बाई पोळ्या किती दिवस आधी सांगाव्या लागतात म्हणते? नैवेद्याच्या आणि घरच्या मिळून 30 आम्ही लाटणार, 70 त्यांच्याकडं सांगणार. येळवणी कुणाला करू देणार नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. नणंदांना लाटणं द्यायचं का, ते अजून ठरलं नाही. सासूबाईंचं मत गंगावेससारखंच आहे, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता, म्हणून मी पुढं काही बोलले नाही. बावड्याच्या ताई, आगाऊ सांगायला कधी येऊ? डबे घेऊनच येते.