मदत हवी आहे: सिरियल केबल लावली की बीआरएलटीटीवाय ती पळवतो

नमस्कार मंडळी,

मी पूर्ण दृष्टिहीन आहे. उबुंटू २२.०४ (लिनक्स) वर ऑर्का हा स्क्रीन वाचून बोलणारा प्रोग्राम आणि फोकस ४० ब्रेल डिस्प्ले वापरतो. डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम म्हणजे बीआरएलटीटीवाय. अर्धवट फर्मवेअर चढल्यामुळे एक जुना राउटर मेल्यात जमा आहे. भावाने आतल्या पिनांना तीन वायरी जोडून दिल्या, दुसऱ्या टोकाला सीएच३४० चिपची यूएसबी सिरियल केबल, म्हणजे संगणकावरून राउटरला थेट आज्ञा देता येतील.

केबल लावली की तिचं पोर्ट, टीटीवाययूएसबी०, क्षणभर उगवतं आणि गायब. सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्या डायलआउट ग्रुपमध्ये मी आहे, म्हणजे परवानगीचा प्रश्न नाही. कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) मेसेज वाचले तर चोर घरचाच! सीएच३४० चा आयडी (१ए८६:७५२३) एका ब्रेल यंत्रालाही आहे, म्हणून बीआरएलटीटीवाय या केबललाच ब्रेल डिस्प्ले समजून कवटाळतो. नेटवर सगळीकडे एकच तोडगा: बीआरएलटीटीवाय काढून टाका. डोळसांचं ठीक आहे हो, मी काढला तर वाचू कशाने?

तरी काल तो बंद करून नुसत्या ऑर्कावर मिनिकॉम हा सिरियल केबलवरून बोलायचा प्रोग्राम चालवून पाहिला. तो स्क्रीन पुन्हा पुन्हा रंगवतो, मध्येच ऑर्का तळाची स्टेटस लाइन वाचायला लागतो. राउटर सुरू होताना त्यातला यू-बूट हा बूटलोडर उलटी गिनती करतो तेव्हा कळ दाबायची असते, पण ऑर्का "तीन" म्हणेपर्यंत कर्नलचा धबधबा सुरू. सेकंदाला ११५२०० बिट या वेगाने, अक्षरामागे १० बिट धरले तर, सेकंदाला ११,५२० अक्षरं येऊ शकतात, कुठला आवाज पुरणार?

दोन्ही एकत्र नांदतील असं काही आहे का? आणि ती गिनती पकडायची कशी?

प्रतिसाद १
काढू नका. यूएसआर-लिबमधली ८५-बीआरएलटीटीवाय ही यूडेव्ह रूल्सची (कुठलं यंत्र जोडलं की काय करायचं ते सांगणारी) फाइल इटीसीमधल्या यूडेव्ह रूल्सच्या फोल्डरमध्ये त्याच नावाने कॉपी करा, तिथली फाइल वरचढ ठरते. तिच्यात ७५२३ असलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका म्हणजे ती निकामी होते, रूल्स रीलोड करा, केबल काढून लावा. शिवाय बीआरएलटीटीवायच्या कॉन्फिगमध्ये ड्रायव्हर 'ऑटो' न ठेवता एफएस (फोकसचा ड्रायव्हर) लिहा, म्हणजे तो फोकसखेरीज कुणाला शोधत बसणार नाही.

मिनिकॉमऐवजी पिकोकॉम घ्या. तो स्वतःचा काही स्क्रीन मांडत नाही, आलेला मजकूर जसाच्या तसा टर्मिनलला देतो. लॉगफाइलचा पर्याय चालू ठेवा, निसटलेलं नंतर निवांत वाचता येतं. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग कंट्रोल-एक्स.

गिनती ऐकायचीच नाही. पिकोकॉम आधी सुरू करा, मग राउटरचं बटण दाबून एंटर मारत राहा.

प्रतिसाद २
ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची सवय असेल तर त्यात सिरियल केबलसाठी सिरियल-टर्म आहे, आणि त्याला बोलतं करायला इमॅकस्पीक. १९९५ पासूनचं, पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांनी केलेलं. ते स्वतः दृष्टिहीन आहेत. शिकायला वेळ लागतो, आज रात्री राउटर उठवायचा असेल तर पिकोकॉमच बरं.

धागाकर्ता
दोघांचे आभार! पहिल्यांदा फाइलला वेगळं नाव दिलं, त्यात अर्धा तास गेला. नाव सारखं केल्यावर केबलचं पोर्ट टिकून राहिलं, डिस्प्लेही चालू. इन्सर्ट-एस ने ऑर्काला गप्प केलं, एंटर बडवत राहिलो आणि यू-बूटचा प्रॉम्प्ट बोटांखाली आला. आता टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) फर्मवेअर चढवतोय. अडलो तर इथेच येतो.