मदत हवी आहे: सासूबाईंसाठी स्पॅनिश आधारगट

नमस्कार. आम्ही ह्यूस्टनला असतो. सासूबाई मेक्सिकोच्या, त्यांना फक्त स्पॅनिश येतं. दोन वर्षं शब्द अडत होते, आता निदान झालंय: प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया (मेंदूच्या आजारामुळे भाषा हरवत जाणं), त्यातला लोगोपेनिक, म्हणजे बोलताना शब्द न सापडण्याचा प्रकार. हा पक्षाघातानंतरच्या अफेजियासारखा अचानक येत नाही, हळूहळू वाढत जातो. म्हणूनच स्ट्रोकवाल्यांच्या गटात त्यांना नेलं ते चुकलंच. बाकीचे सुधारत होते, या गप्प. घरी येऊन रडल्या. आणि ज्यांना स्वतःच्या भाषेतला शब्द सापडत नाही, त्यांना इंग्रजी गटात दुभाष्यासोबत कसं बसवायचं?

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात स्पॅनिशभाषक रुग्णांसाठी स्पीच थेरपीवर संशोधन झालंय, तिथे ईमेल केलाय. पण मला स्पॅनिशमधला ऑनलाइन आधारगट हवाय. सासऱ्यांसाठीही वेगळा, रात्रंदिवस तेच सांभाळतात. कुणाला माहीत आहे का? इथले कुणी मराठी स्पीच थेरपिस्ट आहेत का?