आयटीआय नंतर लाईनमन व्हायचं का? घरात दोन तट पडलेत

मोहोळचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, दहावीनंतर आयटीआय इलेक्ट्रिशियन घेतला, आता शेवटचं वर्ष चालूय. महावितरणमध्ये विद्युत सहाय्यकची (लाईनमनची सुरुवातीची पोस्ट) भरती निघाली की फॉर्म भरावा म्हणतोय. बाबा म्हणतात एकदा चिकटलास की सुटलास, आई म्हणते खांबावर चढायची नोकरी नको म्हणजे नको, आणि गल्लीतला सोलरवाला म्हणतो माझ्याकडे ये. सुरुवातीला हातात किती पडतात, खरंच रात्री-अपरात्री जावं लागतं का? आणि मला उंचीची जरा भीती वाटते, त्याचं काय करू?

डीओ_उडाला:
भावा, आधी पैशाचं. सहाय्यक म्हणजे पहिली ३ वर्षं मानधन. २०२३ ची ५३४७ जागांची जाहिरात होती त्यात पहिल्या वर्षी १५ हजार, मग १६, मग १७ असं होतं, त्यातून पीएफ वगैरे कापून. ३ वर्षं नीट काढली की तंत्रज्ञ, मग रेग्युलर पगार. त्यामुळे आल्या आल्या बुलेट बुक करू नको 😄

उंचीची भीती चार पोल चढलास की जाते. भीती बाळगायची ती "लाईन बंद आहे" या वाक्याची. परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी) घेतलं, सबस्टेशनच्या ऑपरेटरने फिडर (तिथून निघणारी मेन लाईन) बंद केला, एबी स्विचचं (लाईन तोडायचा खांबावरचा मोठा स्विच) हँडल खाली ओढलं, म्हणून लगेच चढायचं नाही. मान वर करून तिन्ही ब्लेड उघडलीत का ते डोळ्याने बघायचं, कारण हँडल खाली येतं आणि एखादं ब्लेड तिथंच चिकटून राहतं. मग टेस्टर, मग डिस्चार्ज रॉड (तारा जमिनीला जोडणारी दांडी) टाकून अर्थिंग, तेही कामाच्या दोन्ही बाजूंना. एवढं कशाला, तर तिकडं कुणीतरी मंगल कार्यालयात जनरेटर लावलेला असतो, चेंजओव्हर (लाईन आणि जनरेटर वेगळे ठेवणारा स्विच) नसतो, तो सप्लाय डीपीतून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून) उलटा चढतो आणि ४४० चे ११ हजार होऊन तुझ्या हातापर्यंत येतात. आणि परमिट ज्याने घेतलं त्यानेच परत करायचं, फोनवरून "झालं का रे, चार्ज करू का" (म्हणजे लाईन चालू करू का) हा प्रकार चालवून घ्यायचा नाही, समोर सायब असला तरी.

वळीव_आणि_वहिनी:
आमचे हे लाईनवरच आहेत म्हणून सांगते. रात्रीचं विचारलंस ना, तर पहिला वळीव झाला की त्या दिवशी जेवायला थांबायचं नाही हे आम्ही ठरवूनच टाकलंय, झाड पडलं, जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) तुटला, आणि शंभर जणांचे फोन, त्यातले निम्मे नुसते शिव्या द्यायला. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे वसुली. मार्च आला की लाईन राहते बाजूला आणि दारोदार थकबाकीसाठी फिरायचं, त्याच गावात ज्यांच्याबरोबर रोज चहा प्यायचा त्यांचंच कनेक्शन तोडायचं. तुझा स्वभाव भिडस्त असेल तर हे खांबापेक्षा जड जाईल दादा. बाकी घर उभं राहिलं ते याच नोकरीवर, नाही म्हणणार नाही.

फेज_न्यूट्रल:
मी ठेकेदाराकडून काम करतो, नाव नको. भरती निघेपर्यंत घरी बसू नको, अप्रेंटिसशिप करून घे आणि वायरमनचा परवानापण काढून ठेव. परीक्षेत ट्रेडच्या प्रश्नांनाच सगळ्यात जास्त मार्क असतात, पोरं गणित-बुद्धिमत्तेच्या क्लासला पैसे घालतात आणि ट्रान्सफॉर्मरचं कनेक्शन विचारलं की गप्प. ठेकेदाराकडे गेलासच तर पीएफ, ईएसआय खरंच भरतोय का ते आधी बघ, आमच्याकडे स्लिपवर एक आणि खात्यात भलतंच असं बरेच महिने चाललं होतं. सोलरवाल्याला तोडून टाकू नको, सुट्टीत जा, डीसी साईडचं (पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतचं) काम हाताखालून जाऊ दे.

मोहोळचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार, वहिनींची कमेंट आईला वाचून दाखवली तर ती अजूनच नाही म्हणतेय 😅 अप्रेंटिसचं बघतो. तिथं हातमोजे, बेल्ट मिळतात की आपले न्यायचे?

डीओ_उडाला:
मागून घ्यायचे, लाजायचं नाही. आणि हातमोजा घालायच्या आधी मनगटाकडून गुंडाळत आणायचा, हवा बोटांत कोंडते, मग कानाशी धरायचा. फुस्स आवाज आला की तो परत, दुसरा दे म्हणायचं.