सतनाम सिंग, प्रिन्सपाल सिंग या बास्केटबॉलपटूंची उदाहरणे देऊन ‘परदेशी ट्रायल’साठी पैसे मागत आहेत, सोळा वर्षांच्या मुलाला पाठवावे का?

निपाणीकर मामा

सर्वांना नमस्कार. माझा भाचा यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला आहे. वय सोळा, उंची सहा फूट पाच इंच, आणि अजूनही वाढतोच आहे. पूर्वी तो व्हॉलीबॉल खेळत असे. शाळेतील क्रीडाशिक्षकांनी त्याची उंची पाहून त्याला बास्केटबॉलकडे वळवले आणि यंदा चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्याच्या संघातून तो विभागीय स्पर्धेपर्यंत गेला. तेथे त्याचा खेळ पाहून एका गृहस्थांनी आमच्या दाजींना गाठले. मुलाला युरोपात ट्रायलसाठी नेतो, तेथून अमेरिकेचा मार्ग मोकळा होतो, मात्र आगाऊ दोन लाख रुपये भरावे लागतील, असे त्यांचे म्हणणे आहे. बोलताना त्यांनी सतनाम सिंग आणि प्रिन्सपाल सिंग ही दोन नावे वारंवार घेतली.

दाजींची तंबाखूची शेती आहे. रक्कम उभी करायची तर कर्ज काढावे लागेल, आणि मुलगा तर आताच विमानात बसल्यासारखा वागतो आहे. या दोन खेळाडूंची कारकीर्द निवड झाल्यानंतर प्रत्यक्षात कशी गेली, हे कोणी नीट सांगेल का? वर्तमानपत्रांत निवडीच्या दिवशीचे फोटो सापडतात, पुढचे काही सापडत नाही.

टिळकवाडीचा जुना सेंटर

मामा, प्रश्न योग्य वेळी विचारलात. पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. त्याचे कारण पुढे येईलच, आधी त्या दोघांविषयी सांगतो.

सतनाम सिंग पंजाबातील बर्नाला जिल्ह्यातील बल्लो के या गावचा शेतकऱ्याचा मुलगा. वडीलही सात फुटांपेक्षा उंच. लुधियानाच्या अकादमीत तो घडला आणि २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत गेला. ‘शिष्यवृत्तीवर’ हा शब्द दाजींना दोनदा वाचून दाखवा. त्याच्या घरच्यांनी ट्रायलचे पैसे भरले नव्हते. एनबीए ही अमेरिकेतील सर्वांत मोठी व्यावसायिक लीग, आणि तिचे संघ दरवर्षी दोन फेऱ्यांत क्रमाने नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय नागरिक ठरला. आपल्याकडे वृत्तपत्रांनी भरभरून लिहिले ते तेव्हा. मात्र एनबीएच्या मुख्य हंगामातील एकही सामना तो खेळला नाही. डॅलसने त्याला टेक्सास लेजंड्स या दुय्यम लीगमधील संघाकडे पाठवले, तेथे दोन हंगामांत त्याच्या वाट्याला मोजकी मिनिटे आली, पुढे तो कॅनडातील लीगमध्ये खेळला आणि नंतर अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला.

यात त्याची निंदा मुळीच नाही. सात फूट दोन इंचांचा मुलगा खेड्यातून निघून तेथवर पोहोचला, हे आपल्यापैकी कोणाला जमले असते? परंतु त्याच्याच वयाच्या दुसऱ्या एका खेळाडूची वाट शेजारी ठेवून पाहा. सर्बियाचा निकोला योकिच १९९५ चाच जन्मलेला. ड्राफ्टमध्ये तोही दुसऱ्याच फेरीत, २०१४ साली ४१ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याचे नाव पुकारले जात असताना दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती, इतकी त्या निवडीची किंमत होती. त्याची उडी बेताची, धावही बेताचीच. तरीही २०२१, २०२२ आणि २०२४ अशा तीन वर्षी तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये आपल्या डेन्व्हर संघाला त्याने विजेतेपद मिळवून दिले.

दोघांच्या उंचीत फारसे अंतर नाही. माझ्या मते खरे अंतर पडले ते ड्राफ्टच्या आधीच्या आणि लगेच नंतरच्या काळात. योकिच अठरा-एकोणीस वर्षांचा असल्यापासून आपल्या देशातील व्यावसायिक संघाकडून, संसारी आणि दाढीमिशांच्या गड्यांविरुद्ध, दर आठवड्याला सामने खेळत होता. निवड झाल्यावरही तो लगेच अमेरिकेला धावला नाही. आणखी एक वर्ष सर्बियात राहिला आणि त्या हंगामात ॲड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लुका डॉन्चिचचेही तसेच. तेराव्या वर्षी तो रेआल माद्रिदमध्ये दाखल झाला आणि सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या संघातून उतरला. २०१८ मध्ये ड्राफ्टला बसला, तेव्हा युरोलीग या युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेचे विजेतेपद आणि तेथील सर्वोत्तम खेळाडूचा मान दोन्ही त्याच्या गाठीशी होते. सतनामच्या मागे मुख्यतः शालेय वयोगटातील सामने होते. एकोणिसाव्या वर्षी त्याला व्यावसायिक खेळाडूंसमोर उभे केले, आणि तेही बाकावर बसण्यासाठी. तरुण व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द कोर्टावरील मिनिटांवर घडते. ती मिनिटे कोण, कोठे आणि किती देणार, एवढा एकच प्रश्न त्या गृहस्थांना विचारा आणि काय उत्तर येते ते येथे कळवा.

प्रिन्सपाल गुरदासपूरचा, तोही लुधियानाच्याच अकादमीचा. २०१७ मध्ये दिल्लीजवळ एनबीएची अकादमी सुरू झाली, तीत तो गेला, तेथून ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या अकादमीत, आणि २०२० मध्ये जी लीग इग्नाइट या, एनबीएच्या दुय्यम लीगमधील होतकरू तरुणांच्या संघात. त्या संघात त्याच्याबरोबर जेलन ग्रीन आणि जोनाथन कुमिंगा होते आणि २०२१ मध्ये ते दोघे पहिल्या सात क्रमांकांत निवडले गेले. आता अशा संघात याला किती मिनिटे मिळणार? त्याच वर्षी सॅक्रामेंटो किंग्जने समर लीग ही नवोदितांची उन्हाळी स्पर्धा जिंकली, त्या संघात प्रिन्सपाल होता. मान मोठाच, पण मुख्य संघात जागा मिळाली नाही. इग्नाइट हा संघच २०२४ मध्ये बंद करण्यात आला.

पैशांचेही सांगून ठेवतो. एनबीएतील किमान वेतन वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर आहे, तर तिच्याच दुय्यम लीगचा साधा करार २०१८-१९ मध्ये हंगामाला ३५ हजार डॉलर होता आणि नंतर थोडाच वाढला. ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडलेल्यांना पहिल्या दोन वर्षांच्या वेतनाची हमी असते. दुसऱ्या फेरीतील मुलाला अशी हमी नाही, संघाच्या मर्जीवर असते. भारतात आजवर या खेळावर घर चालले ते रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, आयकर खाते, इंडियन ओव्हरसीज बँक अशा ठिकाणच्या नोकरीमुळे. आमच्या पिढीने त्या नोकरीकडेच डोळे लावून खेळ केला, आणि ज्यांना ती मिळाली त्यांचे भले झाले.

कॅम्पातला गार्ड

सेंटरसाहेब, माहिती उत्तम, पण शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. नोकरीची ऑर्डर हातात पडली की पहाटेचा सराव सुटतो, हे आपण आणि मी दोघांनीही पाहिले आहे. सोळा वर्षांच्या मुलापुढे आतापासूनच रेल्वेचा पास ठेवू नका.

शिवाय एनबीए की काहीच नाही, अशी मांडणीही बरोबर नाही. सिम भुल्लर हा पंजाबी आईवडिलांचा कॅनडात वाढलेला सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटोकडून एनबीएत उतरला आणि भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू ठरला. तेथे त्याला मोजकेच सामने मिळाले. पण तो तैवानला गेला आणि तेथे वर्षानुवर्षे मानाने खेळला. आपला विशेष भृगुवंशी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड संघाशी करारबद्ध झाला. आशियातील लीगमध्ये परदेशी उंच खेळाडूला मागणी असते आणि पगारही वेळेवर होतो. आपल्या देशातच घडी नीट बसत नाही, हे मात्र मान्य. २०१५ मध्ये यूबीए ही लीग सुरू झाली, थोड्याच वर्षांत थांबली. २०२२ पासून आयएनबीएल ही दुसरी लीग आली आहे. ती टिकली तर भाच्याला तुम्ही म्हणता ती मिनिटे घराजवळ मिळतील, एवढेच.

दोन लाखांबाबत मात्र मीही सेंटरसाहेबांच्या बाजूचा. ज्याला मुलात खरोखर काही दिसते, तो स्वतः तिकीट काढून पाहायला येतो.

शहापूरची फिजिओ

खेळाविषयी वरच्या दोघांनी सांगितले आहे. मी मुलाच्या पायांविषयी सांगते. वाढत्या वयातील उंच मुले माझ्याकडे येतात ती बहुतेक गुडघ्याच्या वाटीखाली दुखते म्हणून. या वयात हाडांची वाढ चालू असते, स्नायू व कंडरा त्या वेगाने लांबत नाहीत, आणि सतत उड्या मारल्याने वाटीखालच्या उंचवट्यावर ताण येतो. आपल्याकडील बहुतेक कोर्ट सिमेंटचे, उघड्यावरचे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, म्हणून जून ते सप्टेंबर खेळ जवळजवळ बंद, आणि दसऱ्यानंतर स्पर्धा आल्या की अचानक रोज तीन-तीन तास सराव. दुखापत नेमकी तेथे होते. पावसाळ्यातही पायांचा व्यायाम चालू ठेवा, एका पायावर अर्धे बसून उठण्याचा सराव रोज करून घ्या, आणि उडी मारून खाली येताना त्याचे गुडघे एकमेकांकडे झुकतात का, ते मोबाइलवर चित्रीकरण करून पाहा. झुकत असतील तर आधी ते दुरुस्त करावे, उंच उडीचा विचार मागाहून. याओ मिंगसारखा साडेसात फुटांचा, २००२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर निवडलेला खेळाडू पाऊल व घोट्याच्या दुखापतींमुळे २०११ मध्ये निवृत्त झाला. उंच शरीराचा सगळा भार पावलांवरच येतो.

दुसरे म्हणजे पावडर. आपल्या बेळगावात शरीरसौष्ठवाची परंपरा मोठी आहे, त्यामुळे डबे गल्लोगल्ली मिळतात आणि जिममधला कोणीतरी दादा ते देतोही. सतनामवर २०२० मध्ये दोन वर्षांची बंदी आली ती उत्तेजक चाचणीत हिगेनामाइन सापडल्यामुळे, आणि हा पदार्थ वजन घटवण्याच्या किंवा सरावापूर्वी घ्यायच्या पुरवणी डब्यांत असू शकतो. आपल्याला ठाऊक नव्हते, ही सबब नियमात चालत नाही. अंडी, दूध, डाळ, भाकरी पोटभर द्या. सोळाव्या वर्षी त्याहून जास्त कशाची गरज नाही.

निपाणीकर मामा

सर्वांचे आभार. मिनिटांचा प्रश्न त्या गृहस्थांना फोनवर विचारला. आधी नोंदणी करा, मग सांगतो, असे उत्तर आले. दाजींनी तूर्त हात आखडता घेतला आहे.

आणखी एक शंका. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. कोल्हापुरात नातेवाईक आहेत आणि भाषेचीही अडचण नाही. अकरावीला त्याला तिकडे घातले तर? आणि अमेरिकेतील महाविद्यालयांच्या शिष्यवृत्तीविषयी कोणास माहिती आहे का?

खानापूरची क्रीडाशिक्षिका

मामा, कोल्हापूरला पाठवण्यात गैर काही नाही, परंतु तो निर्णय पूर्ण विचारांती घ्या. शालेय स्पर्धांत मुलगा ज्या राज्यातील शाळेत शिकतो त्याच राज्याकडून खेळतो. एकाच हंगामात दोन राज्यांच्या याद्यांत नाव गेले तर मुलगा बाद होतो आणि संघावरही बालंट येते. येथे तो तालुका, जिल्हा, विभाग ही पायरी चढून आला आहे. पुढची राज्याची पायरी येथेच उरली आहे. महाराष्ट्रात त्याला पुन्हा पहिल्यापासून नाव कमवावे लागेल, आणि तेथे स्पर्धाही अधिक. निवड शिबिरात कन्नड लागते, हे खरे आहे. माझ्या मराठी शाळेतील मुली पहिल्या शिबिरात गप्प बसतात आणि परत येताना कन्नडमध्ये भांडतात. भाषेसाठी राज्य बदलू नका. चांगला प्रशिक्षक आणि छताखालचे कोर्ट कोल्हापुरात खात्रीने मिळत असेल तर बदला. त्याआधी युवा सबलीकरण व क्रीडा खात्याच्या वसतिगृहांची निवड चाचणी नेहरूनगरच्या जिल्हा क्रीडांगणावरील कार्यालयात विचारून ठेवा. तेथे राहणे, जेवणे आणि प्रशिक्षण सरकारी खर्चाने होते.

अमेरिकेतील महाविद्यालयांचा मार्ग मला ड्राफ्टपेक्षा शहाणपणाचा वाटतो. बेंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात याच मार्गाने शिकली आणि खेळली. त्यातील पालकांना न सांगितली जाणारी अट गुणपत्रिकेची आहे. एनसीएए ही तेथील महाविद्यालयीन खेळांची संघटना. तिच्या पहिल्या विभागात खेळण्यासाठी नववीपासून बारावीपर्यंतच्या ठरावीक १६ विषयांचे गुण मोजले जातात. म्हणजे भाच्याचे नववीचे गुण आधीच हिशेबात आले आहेत आणि एसएसएलसीचे येणार आहेत. खेळाच्या नादात गणित आणि विज्ञान सुटले तर उंची कितीही असो, ते दार बंद होते. दुसरे, पैसे घेऊन खेळण्याचा कोणताही करार त्याने सही करण्यापूर्वी त्या नियमांत बसतो का ते तपासा. व्यावसायिक करार केलेल्या मुलाची तेथील पात्रता अडचणीत येऊ शकते. त्या गृहस्थांच्या ‘नोंदणी’च्या कागदावर नेमके काय लिहिले आहे, हे म्हणूनच पाहायला हवे.

एजंटाचे म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कोणालाही पाहता येते. एनबीएतील एजंटाला खेळाडूच्या वेतनाच्या चार टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. म्हणजे आधी खेळाडूला वेतन मिळते, मग एजंटाला. आगाऊ रक्कम मागणाऱ्याला परवाना क्रमांक विचारा आणि तो यादीत सापडतो का ते दाजींना सोबत बसवून पाहा.

मुलाचा एखाद्या सामन्याचा सलग व्हिडिओ असेल तर येथे टाका. वेचक बास्केट जोडून केलेला नको. चेंडू हातात नसताना तो काय करतो, ते मला पाहायचे आहे.